कागद पांढरा कसा होतो?

(मोठ्या गटासाठी विज्ञानाचा धडा)

मुलांनो, आपल्या वर्गाच्या पत्रकाच्या झेरॉक्स प्रती काढायला कागदाचे नवे गठ्ठे घ्यायचे आहेत. बाजारात आपल्या उपयोगाचे तीन प्रकार मिळतात. एक पांढराशुभ्र कागद, ज्याच्या माहितीपत्रकात ‘ईसीएफ’ ही तीन अक्षरे असतात. दुसरा तितकाच पांढरा, पण ‘टीसीएफ’ लिहिलेला. तिसरा किंचित करडा, रद्दीपासून बनवलेला आणि ‘ब्लाउअर एंगेल’चे निळे चित्र असलेला. पहिल्या दोघांच्या वेष्टनावर बऱ्याचदा ‘क्लोरफ्राय’ हा शब्द मोठ्या अक्षरात असतो.

पालकांच्या सभेत यावरून दोन पक्ष पडले. एका पक्षाचे म्हणणे असे, की देवनागरीत अनुस्वार, वेलांटी, रफार अशी बारीक चिन्हे असतात. कागद पांढरा नसेल तर लहान मुलांना ती दिसत नाहीत. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे, की चार पानांच्या पत्रकासाठी झाडे कशाला तोडायची? शेवटी निर्णय मोठ्या गटाने, म्हणजे तुम्ही, मतदान करून घ्यावा असे ठरले. पण मत देण्याआधी अभ्यास हवा. म्हणून हा धडा. आम्ही व्यवसायाने संगणकवाले असलो तरी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला रसायनशास्त्र शिकलो आहोत. त्या शिदोरीवर आणि पुढच्या वाचनावर हा धडा लिहिला आहे. शेवटी शब्दार्थ आणि स्वाध्याय दिला आहे.

१. झाडात काय असते?

कायझर्सलाउटर्नच्या दक्षिणेला पाऊल टाकले की फाल्त्सचे जंगल सुरू होते. तिथल्या पाइनचा किंवा बीचचा एक तुकडा डोळ्यांसमोर आणा. त्यात मुख्यतः तीन पदार्थ असतात. सुमारे ४० ते ४५ टक्के सेल्युलोज, पाव भाग किंवा त्याहून थोडे अधिक हेमिसेल्युलोज आणि २० ते ३० टक्के लिग्निन.

सेल्युलोज म्हणजे लांबच लांब धागा. ग्लुकोजच्या हजारो कड्या एकापुढे एक जोडून तो बनतो आणि त्याला स्वतःचा रंग नसतो, तो पांढराच दिसतो. कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. लिग्निन हा त्या धाग्यांना चिकटवून ठेवणारा डिंक. भिंतीत विटांच्या मध्ये चुना असतो तसा. झाड वाऱ्यात ताठ उभे राहते ते लिग्निनमुळे.

कागदाला हवे असतात धागे आणि नको असतो डिंक. पाइनचा धागा सुमारे ३ मिलिमीटर लांब असतो, बीचचा जेमतेम १ मिलिमीटर. बांबूचा धागा या दोघांच्या मध्ये बसतो. धागा जितका लांब, तितका कागद मजबूत.

लिग्निनची आणखी एक खोड आहे. उजेड आणि हवा लागली की ते पिवळे पडते. वर्तमानपत्राच्या कागदात लिग्निन राहू दिलेले असते, म्हणून खिडकीत ठेवलेला अंक काही दिवसांतच पिवळा होतो. याउलट पेशवाईतले मोडी कागद पाहा. जुन्नरचा आणि दौलताबादचा कागद त्या काळी प्रसिद्ध होता. तो लाकडापासून नव्हे, तर चिंध्या आणि तागासारख्या झाडांच्या सालींचे धागे कुटून हाताने बनवत. त्यात लिग्निन फार कमी, म्हणून पुण्याच्या पेशवे दफ्तरातले अडीचशे वर्षांपूर्वीचे कागद आजही वाचता येतात.

२. लाकडाचा लगदा

चिंध्या पुरेनाशा झाल्या तेव्हा लोक लाकडाकडे वळले. १८४३ च्या सुमारास सॅक्सनीतल्या फ्रीडरिश गॉटलोब केलर यांनी लाकूड ओल्या दगडावर घासून लगदा केला. पण त्यात लिग्निन तसेच राहते. पुढे १८७९ मध्ये डान्त्सिगच्या कार्ल डाल यांनी दुसरी पद्धत शोधली. लाकडाच्या ढलप्या कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइड यांच्या द्रावणात, बंद भांड्यात, सुमारे १७० अंश सेल्सिअसला शिजवायच्या. आपला प्रेशर कुकरच समजा, फक्त कित्येक मजले उंच! लिग्निन विरघळून काळे पाणी होते आणि धागे मोकळे होतात. हे धागे इतके मजबूत निघाले की पद्धतीचे नावच ‘क्राफ्ट’ पडले. जर्मन तुम्हांला आमच्यापेक्षा चांगले येते, तेव्हा अर्थ सांगायला नको.

आज जगातला बहुतेक रासायनिक लगदा क्राफ्ट पद्धतीनेच होतो. गंमत अशी, की स्वतः जर्मनीत ही पद्धत बराच काळ बंदच होती. शिजवताना गंधकाची संयुगे सुटतात आणि सडक्या कोबीसारखा वास पसरतो. तो दाट वस्तीच्या देशात चालेना. म्हणून इथे सल्फाइट नावाची वेगळी पद्धत वापरत. वास आवरण्याचे तंत्र सुधारल्यावर १९९९ मध्ये थुरिंगियातल्या ब्लांकेनश्टाइनची गिरणी क्राफ्टकडे वळली आणि २००४ मध्ये एल्बे नदीकाठी आर्नेबुर्गजवळ श्टेंडालची मोठी गिरणी सुरू झाली.

महाराष्ट्रात या विषयाचे गाव म्हणजे बल्लारपूर. विदर्भातून आलेल्या कुटुंबांना बल्लारशा जंक्शन ठाऊक असेलच. चंद्रपूर जिल्ह्यात वर्धा नदीच्या काठी १९४५ साली स्थापन झालेल्या कंपनीने इथे कागदाची गिरणी उभी केली. कारण सरळ आहे. आजूबाजूच्या जंगलात बांबू भरपूर आणि शेजारी नदीचे पाणी. महाराष्ट्रातल्या कितीतरी मुलांच्या वह्या त्या बांबूच्या होत्या.

इथे एक फरक ध्यानात ठेवा. लगद्याची गिरणी वेगळी आणि कागदाची गिरणी वेगळी. कायझर्सलाउटर्नहून नॉयश्टाटला जाताना एस-बान ज्या खोऱ्यातून जाते, तिथे नायडेनफेल्स आणि लांबरेख्टच्या परिसरात कागद बनवण्याची जुनी परंपरा आहे. पण कागदाची गिरणी बऱ्याचदा तयार लगदा दुसऱ्या देशांतून विकत आणते. म्हणजे तुमच्या हातातला कागद ‘जर्मन’ असला, तरी त्याचे विरंजन फिनलंडमध्ये किंवा ब्राझीलमध्ये झालेले असू शकते. ज्या नदीवर परिणाम होतो ती नदी आपल्याला खिडकीतून दिसत नाही.

३. उरलेले थोडेसे लिग्निन

शिजवून झाल्यावर लगदा पांढरा निघत नाही. तो तपकिरी असतो, किराणा दुकानातल्या कागदी पिशवीसारखा. बहुतेक लिग्निन निघून गेलेले असते, पण जे उरते त्याचा रंग शिजल्यामुळे आणखी गडद झालेला असतो.

किती उरले हे मोजण्यासाठी गिरणीत ‘कप्पा अंक’ काढतात. लगद्याचा ठरावीक नमुना किती पोटॅशियम परमँगनेट खातो, यावरून हा अंक ठरतो. कप्पा अंकाला ०.१५ ने गुणले, की लिग्निनची साधारण टक्केवारी मिळते. पाइनचा लगदा शिजून निघाला आणि कप्पा ३० आला, तर लिग्निन ४.५ टक्के.

मग आणखी शिजवून ते साडेचार टक्केही का काढत नाहीत? कारण शेवटी शेवटी कॉस्टिक सोडा लिग्निन सोडून सेल्युलोजच तोडू लागतो. भात मऊ होईपर्यंत शिजवावा, त्याची खीर होईपर्यंत नाही! म्हणून शिजवणे वेळेवर थांबवायचे आणि उरलेल्या डिंकासाठी असे रसायन आणायचे, जे डिंक ओळखते आणि धाग्याला हात लावत नाही. यालाच विरंजन म्हणतात.

४. आधी आला क्लोरीन

कापड उन्हात वाळत घालून पांढरे करण्याची रीत भारतात आणि युरोपात दोन्हीकडे जुनीच. पण त्याला आठवडे लागत. १७७४ मध्ये स्वीडनच्या शेले यांनी क्लोरीन वायू मिळवला आणि १७८५ च्या सुमारास फ्रान्सच्या बेर्थोले यांनी त्याने कापड पांढरे होते हे दाखवले. १७९९ मध्ये स्कॉटलंडच्या टेनंट यांनी विरंजक चूर्णाचे पेटंट घेतले. आपल्याकडे विहिरीत टाकतात ती हीच पावडर. पुढे १८९० मध्ये फ्रांकफुर्टजवळच्या ग्रीसहाइमला मिठाच्या पाण्यातून वीज सोडून मोठ्या प्रमाणावर क्लोरीन काढायला सुरुवात झाली. क्लोरीन स्वस्त झाला आणि विसाव्या शतकात लगद्याच्या गिरण्यांनी तो भरपूर वापरला.

क्लोरीन काम चोख करतो, पण त्याला एक वाईट सवय आहे. लिग्निनमध्ये कार्बनची सहा कोनांची कडी असते. क्लोरीन ती कडी तोडतो खरा, पण अनेकदा कडी न तोडता तिच्यावरचा हायड्रोजन काढून त्या जागी स्वतः जाऊन बसतो. अशी क्लोरीन बसलेली कडी निसर्गात सहजासहजी कुजत नाही. ती पाण्यातून माशाच्या चरबीत जाते आणि तिथे साठते. या कुटुंबातले सर्वांत कुप्रसिद्ध नाव डायॉक्सिन. १९७६ मध्ये इटलीतल्या सेवेसो गावाजवळच्या रासायनिक कारखान्यातून ते हवेत पसरले, तेव्हा जगाला हे नाव कळले. १९८० च्या दशकात अमेरिकेत आणि स्वीडनमध्ये लगद्याच्या गिरण्यांखालच्या पाण्यातही ते सापडले. स्वीडनच्या किनाऱ्यावर नॉरसुंडेट गिरणीजवळचे मासे शास्त्रज्ञांनी तपासले, तेव्हा त्यांच्यात व्यंगे दिसली.

अणूची अदलाबदल कागदावर क्षुल्लक दिसते. पण त्या अदलाबदलीची किंमत माशांनी आणि मासे खाणाऱ्यांनी मोजली, हे विसरू नका.

५. क्लोरीन डायऑक्साइड हा वेगळा कसा?

नावात क्लोरीन असले तरी स्वभाव वेगळा. मिठाच्या नावातही सोडियम आणि क्लोरीन असतात, पण मीठ आपण खातोच ना?

क्लोरीन डायऑक्साइडच्या रेणूत क्लोरीनचा एक आणि ऑक्सिजनचे दोन अणू. हा पिवळसर हिरवा वायू ११ अंशांना द्रवरूप होतो. त्यातले बाहेरचे इलेक्ट्रॉन मोजा. क्लोरीनचे ७ आणि ऑक्सिजनचे प्रत्येकी ६, एकूण १९. विषम संख्या! रेणूंमध्ये इलेक्ट्रॉन सहसा जोडीने राहतात. इथे एक एकटा पडतो. त्यामुळे हा रेणू सतत कोणाकडून तरी एक इलेक्ट्रॉन घ्यायला टपलेला असतो.

आता लिग्निनकडे पाहा. त्याच्या कडीत इलेक्ट्रॉनची रेलचेल. क्लोरीन डायऑक्साइड तिच्यातला एक इलेक्ट्रॉन ओढून घेतो. कडी डळमळते. मग दुसरा रेणू येऊन तिला चिकटतो आणि ऑक्सिजन देऊन जातो. कडी उघडते आणि तिच्या टोकांना आम्लाचे गट तयार होतात. म्हणजे कडीवर क्लोरीन चढवून ठेवण्याऐवजी हा मुख्यतः ऑक्सिजन चढवतो. याला ऑक्सिडीकरण म्हणतात. सेल्युलोजमध्ये अशी इलेक्ट्रॉनने भरलेली कडी नसतेच, म्हणून तिकडे हा ढुंकूनही पाहत नाही. डिंक खातो, धागा सोडतो!

हा स्वभाव १९२१ मध्ये एरिश श्मिट या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यासह दाखवून दिला होता. पण गिरणीत तो वापरायला १९४६ साल उजाडले. कॅनडा आणि स्वीडनमध्ये तेव्हा सुरुवात झाली. मधली २५ वर्षे कशात गेली? अडचण वायूच्या रागीट स्वभावाची. हवेत त्याचे प्रमाण १० टक्क्यांच्या वर गेले, तर त्याचा स्फोट होऊ शकतो. त्याला टाकीत भरून ट्रकने नेता येत नाही. म्हणून गिरणी तो आपल्या आवारातच बनवते. सोडियम क्लोरेट हा घन पदार्थ आणायचा, आम्लात विरघळवायचा आणि त्यावर सल्फर डायऑक्साइड, मिथेनॉल किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड सोडायचा. निघालेला वायू लगेच थंड पाण्यात विरघळवायचा. एका लिटरमध्ये सुमारे ८ ते १० ग्रॅम, त्याहून फार जास्त नाही. हे पिवळे पाणीच लगद्यात मिसळतात.

६. थोडा हिशेब

वही पेन्सिल घ्या. क्लोरीनच्या अणूचे वजन ३५.५ धरा आणि ऑक्सिजनचे १६.

क्लोरीन वायूच्या रेणूत दोन अणू, वजन ७१. तो २ इलेक्ट्रॉन घेतो. म्हणजे एका इलेक्ट्रॉनमागे ३५.५.

क्लोरीन डायऑक्साइडचे वजन ३५.५ अधिक ३२, म्हणजे ६७.५. आम्लात पूर्ण अभिक्रिया झाली तर तो ५ इलेक्ट्रॉन घेतो. एका इलेक्ट्रॉनमागे १३.५.

३५.५ भागिले १३.५ म्हणजे २.६३. याचा अर्थ, १ किलो क्लोरीन डायऑक्साइड हा २.६३ किलो क्लोरीनइतके काम करतो.

आता दुसरा, अधिक महत्त्वाचा हिशेब. क्लोरीन वायूत २ इलेक्ट्रॉनमागे क्लोरीनचे २ अणू लागले, म्हणजे एकास एक. क्लोरीन डायऑक्साइडमध्ये ५ इलेक्ट्रॉनमागे फक्त १ अणू. म्हणजे तितक्याच कामाला क्लोरीनचे अणू पाचपट कमी. सांडपाण्यात कार्बनला चिकटलेला क्लोरीन किती आहे, हे ‘एओएक्स’ नावाच्या चाचणीने मोजतात. गिरण्यांच्या अनुभवातून आलेला ठोकताळा असा, की समान ताकदीच्या क्लोरीन डायऑक्साइडमुळे एओएक्स क्लोरीनच्या सुमारे पाचव्या हिश्शावर येतो. आपला कागदावरचा हिशेब आणि नदीतले मोजमाप इथे जुळतात.

पण तो शून्यावर का येत नाही? कारण कडी तोडताना क्लोरीन डायऑक्साइडचा काही भाग हायपोक्लोरस आम्लात बदलतो आणि त्याला क्लोरीनचीच वाईट सवय असते. काही भाग क्लोरेट होऊन वाया जातो. म्हणून गिरणीत सामू काटेकोर सांभाळतात.

७. एकदम नाही, टप्प्याटप्प्याने

एकाच वेळी सगळे रसायन ओतून लगदा पांढरा का करत नाहीत? आमच्या धंद्यातही एकाच वेळी दहा बदल केले, की कोणत्या बदलाने काय झाले ते कळत नाही. गिरणीत तर कारण अधिक पक्के आहे. लिग्निनचे तुटलेले तुकडे धुऊन काढले नाहीत, तर नवे रसायन त्यांच्यावरच खर्च होते. घासलेले भांडे विसळल्याशिवाय पुन्हा घासण्यात काय अर्थ?

आधुनिक गिरणीतला साधारण क्रम असा:

पहिला टप्पा: दाबाखाली ऑक्सिजन आणि कॉस्टिक सोडा. यात कप्पा अंक जवळजवळ निम्म्यावर येतो. आपल्या ३० चे १५.

दुसरा टप्पा: क्लोरीन डायऑक्साइड. सामू २ ते ३, तापमान साधारण ५० ते ७० अंश, वेळ अर्धा ते पाऊण तास.

तिसरा टप्पा: पुन्हा कॉस्टिक सोडा, जोडीला थोडा ऑक्सिजन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड. मघा कडी उघडून आम्लाचे गट तयार झाले होते, आठवते? आम्ल आणि आम्लारी भेटले की क्षार होतो आणि हा क्षार पाण्यात विरघळतो. तुकडे वाहून जातात.

चौथा टप्पा: पुन्हा क्लोरीन डायऑक्साइड. या वेळी सामू ४ च्या आसपास, तापमान ७० ते ८०, वेळ सुमारे ३ तास. आता काम डिंक काढण्याचे नसून उरलेला रंग घालवण्याचे.

शेवटी लगद्याची शुभ्रता १०० पैकी ९० च्या आसपास पोचते. तपकिरी लगद्याची ती ३० च्या आतबाहेर असते. त्यावरही चमक हवी असेल तर कागदात प्रकाशीय शुभ्रक घालतात. तो अदृश्य अतिनील किरण घेऊन निळसर उजेड परत देतो. आजी धुण्यात नीळ घालायच्या, त्याच युक्तीची ही नवी आवृत्ती. नीळ मळ काढत नाही, डोळ्याला फसवते!

८. लोकांनी काय केले?

डायॉक्सिनच्या बातम्या आल्यावर जर्मनीत मोठी चळवळ झाली. १९९१ मध्ये ग्रीनपीसने ‘डेर श्पीगेल’ साप्ताहिकासारखा दिसणारा एक अंक क्लोरीनशिवाय बनवलेल्या कागदावर छापून दाखवला. मासिकांना लागणारा गुळगुळीत कागद क्लोरीनशिवाय होऊच शकत नाही, असे तोवर सांगितले जाई. इथल्या सल्फाइट गिरण्या पेरॉक्साइड आणि ऑक्सिजन वापरू लागल्या. सल्फाइट लगदा मुळातच फिकट रंगाचा, त्यामुळे त्यांना ते तुलनेने सोपे गेले. क्राफ्ट लगदा गडद. जगभरच्या बहुतेक क्राफ्ट गिरण्यांनी क्लोरीन वायू सोडून क्लोरीन डायऑक्साइड घेतला.

भारतात वाट अधिक लांबची होती. १९९९ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने देशातल्या २८ मोठ्या लगदा-कागद गिरण्यांना पर्यावरणाच्या कसोटीवर गुण दिले आणि क्लोरीनच्या वापराकडे लक्ष वेधले. २००३ मध्ये केंद्र सरकार आणि उद्योग यांच्यात एक सनद झाली. तिच्यात मोठ्या गिरण्यांसाठी एओएक्सची मर्यादा एका टन कागदामागे दोन वर्षांत १.५ किलो आणि पाच वर्षांत १ किलो अशी ठरली. ही मर्यादा पाळण्यासाठी नुसता निश्चय पुरत नाही. क्लोरीन डायऑक्साइड बनवणारा विभाग, गंज न चढणारी महाग भांडी आणि प्रशिक्षित माणसे लागतात. लहान गिरण्यांना तो खर्च झेपत नाही. एका बाजूला नदी आणि दुसऱ्या बाजूला गावातल्या नोकऱ्या, असा तो पेच असतो.

९. मग आपले तीन गठ्ठे?

आता वेष्टनावरची अक्षरे वाचता येतील. ईसीएफ म्हणजे क्लोरीन वायू वापरलेला नाही, पण क्लोरीन डायऑक्साइड वापरला आहे. टीसीएफ म्हणजे क्लोरीनचे कोणतेच संयुग नाही. ऑक्सिजन, ओझोन, पेरॉक्साइड यांवर काम भागवले. दोन्हींवर ‘क्लोरफ्राय’ लिहिलेले आढळते, पण अर्थ एक नाही. एका शब्दावर विश्वास ठेवू नका, पुढची अक्षरे वाचा.

मग टीसीएफ नेहमीच श्रेष्ठ का? तसेही नाही. ओझोन आणि पेरॉक्साइड धाग्यालाही थोडे दुखवू शकतात. तितकीच शुभ्रता आणि मजबुती मिळवायला कधी अधिक लाकूड लागते. जगातला बहुतांश विरंजित लगदा आज ईसीएफ आहे. आधी ऑक्सिजनचा टप्पा आणि शेवटी सांडपाण्याची नीट शुद्धी असेल, तर दोन्ही पद्धतींत नदीवरच्या परिणामाचा फरक खूप कमी होतो. गिरणी कशी चालवली आहे, याला मोठे महत्त्व आहे.

करड्या कागदाचे काय? ‘ब्लाउअर एंगेल’ची छाप असलेला झेरॉक्सचा कागद पूर्णपणे रद्दीचा असतो. त्यात क्लोरीनची विरंजके आणि प्रकाशीय शुभ्रक चालत नाहीत. झाड नवे तुटत नाही, पाणी आणि वीज कमी लागते. पण रद्दीचा धागा प्रत्येक फेरीत आखूड होत जातो. कुठेतरी, कोणीतरी नवा लगदा बनवला नाही, तर पुढे रद्दीही चांगली राहणार नाही. म्हणून करडा कागद घेतला तरी विरंजनाचा प्रश्न जगातून नाहीसा होत नाही, कमी होतो.

आमचे मत विचाराल तर असे आहे. महिनाभर वाचून रद्दीच्या निळ्या पिंपात जाणारे हे पत्रक करड्या कागदावर छापावे. अनुस्वार दिसत नसतील तर अक्षर एक नंबर मोठे करावे. पण तुमचा वार्षिक हस्तलिखित अंक, जो तुमच्या मुलांनीही पाहावा असे आम्हांला वाटते, तो टिकाऊ कागदावर करावा. त्यासाठी ‘आयएसओ ९७०६’ ही खूण शोधा. त्या मानकाची एक अट अशी आहे, की लगद्याचा कप्पा अंक ५ पेक्षा कमी हवा. म्हणजे लिग्निन जवळजवळ नाही. पण हे आमचे मत झाले. तुम्ही हिशेब तपासून आपले मत बनवा.

१०. घरात सांभाळा

स्वच्छतागृहातले क्लोरीनचे द्रावण आणि व्हिनेगरचे किंवा इतर आम्लाचे क्लीनर कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि तो फुप्फुसाला इजा करतो.

फोनवर फिरणाऱ्या काही संदेशांत क्लोरीन डायऑक्साइडचे थेंब ‘औषध’ म्हणून घ्यायला सांगतात. ‘एमएमएस’ हे त्याचे एक नाव. अमेरिकेच्या एफडीएने २०१० मध्ये आणि जर्मनीच्या बीएफआर या संस्थेने २०१२ मध्ये याविरुद्ध इशारा दिला. पिण्याचे पाणी निर्जंतुक करायला हे रसायन खरोखर वापरतात, पण जर्मनीत एका लिटरमागे ०.४ मिलिग्रॅमपेक्षा जास्त घालायला परवानगी नाही. भारतातल्या आजी-आजोबांकडे असा संदेश आला, तर त्यांना मराठीत नीट समजावून सांगा. या धड्याचा तो सर्वांत मोठा उपयोग ठरेल.

शब्दार्थ

लगदा – लाकूड शिजवून किंवा कुटून मोकळे केलेले धागे
विरंजन – रंग घालवणे
ढलपी – लाकडाचा छोटा चपटा तुकडा
आम्लारी – आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ, उदा. कॉस्टिक सोडा
सामू – आम्लता मोजण्याचा अंक. ७ च्या खाली आम्ल, वर आम्लारी
ठोकताळा – अनुभवावरून बांधलेला ढोबळ नियम
सनद – लेखी करार

स्वाध्याय

१. कप्पा अंक १५ असलेल्या लगद्यात लिग्निन किती टक्के?

२. अशा १ टन लगद्याला दुसऱ्या टप्प्यात ३० किलो क्लोरीनइतकी ताकद हवी आहे. क्लोरीन डायऑक्साइड किती किलो लागेल? एका लिटरमध्ये १० ग्रॅम असेल, तर पिवळे पाणी किती लिटर? (उत्तर पडताळा: सुमारे ११.४ किलो, १,१४० लिटर.)

३. पहिला ऑक्सिजनचा टप्पा गाळला आणि कप्पा ३० च राहिला, तर वरचा आकडा साधारण दुप्पट होतो. यावरून पहिल्या टप्प्याचे महत्त्व चार ओळींत लिहा.

४. प्रयोग: वर्तमानपत्राच्या पानाचे आणि झेरॉक्सच्या कागदाचे दोन दोन तुकडे करा. एक जोडी जाड पुस्तकात ठेवा, दुसरी उन्हाच्या खिडकीत. दोन आठवड्यांनी चारही तुकडे वहीत चिकटवून निरीक्षण लिहा.

५. घरातल्या पाच कागदी वस्तूंची वेष्टने वाचा. कोणावर कोणती खूण आहे, याचा तक्ता करा.

६. तिन्ही गठ्ठ्यांपैकी तुम्ही कोणता घ्याल? दहा ओळींत, कारणांसह. आमच्या मताविरुद्ध लिहिणाऱ्याला एकही गुण कमी मिळणार नाही; कारण मात्र पटले पाहिजे.